वाइड रिसीव्हरसाठी ट्रेड करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगविषयी, म्हणजेच एनएफएलविषयी आहे. मार्चमध्ये करारांचे नवे वर्ष सुरू होते तेव्हा, एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट, म्हणजे नव्या महाविद्यालयीन खेळाडूंची निवड, होतो तेव्हा आणि नोव्हेंबरच्या आरंभी ट्रेडची, म्हणजे संघासंघांतील देवाणघेवाणीची, मुदत संपत येते तेव्हा, दरवर्षी एकच प्रश्न चाहत्यांमध्ये फिरून येतो: आपल्या संघाने अमुक रिसीव्हर ट्रेड करून आणावा का? पुढील उत्तरांत बफेलो बिल्स या संघाने २०२० मध्ये स्टेफॉन डिग्जसाठी केलेला व्यवहार मध्यवर्ती ठेवला आहे, कारण त्यात या प्रश्नाच्या जवळजवळ सर्व बाजू एकत्र सापडतात. इतर संघांची उदाहरणे जेथे लागली तेथे घेतली आहेत.

वाइड रिसीव्हर नेमके काय करतो आणि त्याला इतके महत्त्व का?

तो मैदानाच्या कडेजवळ उभा राहतो, आधी ठरलेल्या मार्गाने धावतो आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूने, फेकलेला चेंडू झेलतो. हे त्याचे दिसणारे काम झाले. न दिसणारे काम असे की, अव्वल रिसीव्हर मैदानात असला की प्रतिस्पर्धी संघाला त्याच्यावर एकाऐवजी दोन बचावपटू ठेवावे लागतात आणि त्यामुळे इतरांसाठी जागा मोकळी होते. म्हणून त्याचे मोल त्याच्या स्वतःच्या झेलांवरून पूर्णपणे कळत नाही. ज्या दिवशी त्याच्या नावावर जेमतेम तीन झेल असतात, त्या दिवशीही त्याने सामना फिरवलेला असू शकतो.

थोडक्यात उत्तर काय? ट्रेड करावा की नाही?

क्वार्टरबॅक अजून आपल्या पहिल्या, स्वस्त करारावर असेल, आक्रमणाची पुढची फळी आणि बचाव बऱ्यापैकी उभे असतील आणि रिसीव्हरचे वय सत्ताविशीच्या आत असेल, तर ड्राफ्टमधील पहिल्या फेरीची निवड देऊनही ट्रेड करावा. यांपैकी पहिल्या दोन अटी पूर्ण होत नसतील, तर रिसीव्हर कितीही मोठा असला तरी करू नये. बाकी उत्तरे ही या मताची कारणे आणि त्याला असलेले अपवाद आहेत.

ट्रेडमध्ये नेमके काय द्यावे लागते? पैसे देऊन खेळाडू घेता येत नाही का?

आयपीएलशी परिचित असलेल्या वाचकांचा येथे हमखास गोंधळ होतो. हार्दिक पंड्या २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, तो व्यवहार रोखीचा होता. एनएफएलमध्ये संघाने संघाला पैसे मोजून खेळाडू उचलण्याची पद्धत नाही. येथे चलन आहे ते ड्राफ्टमधील निवडीचे. महाविद्यालयीन खेळाडूंमधून संघ सात फेऱ्यांत आपापले खेळाडू निवडतात. आदल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेला संघ आधी निवड करतो आणि विजेता सर्वांत शेवटी. या निवडी, यंदाच्या तसेच पुढील वर्षांच्याही, संघांना एकमेकांना देता येतात.

निवडींचे मोल ठरवण्यासाठी १९९० च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइज संघाने जिमी जॉन्सन यांच्या कारकिर्दीत गुणांचा एक तक्ता तयार केला होता. त्यात पहिल्या क्रमांकाच्या निवडीला ३,००० गुण, सोळाव्या निवडीला १,००० आणि बत्तिसाव्या निवडीला ५९० गुण होते. आज बहुतेक संघ स्वतःचे सुधारित तक्ते वापरतात, पण पहिल्या काही निवडींनंतर मोल झपाट्याने घसरते हे त्यातले मूळ सूत्र टिकून आहे. पुढील वर्षाची निवड साधारणपणे एक फेरी खालची समजून मोजली जाते, आणि त्यामुळेच नोकरी जाण्याच्या भीतीत असलेले व्यवस्थापक भविष्यातील निवडी सढळ हाताने वाटतात. ती उधारी बहुधा त्यांच्यानंतर येणाऱ्याला फेडावी लागते.

मग रिसीव्हरची खरी किंमत किती पडते?

बातमीच्या मथळ्यात दिसते ती किंमत निम्मीच असते. अव्वल रिसीव्हर बहुधा विकायला निघतो तोच मुळी त्याला नवा, मोठा करार हवा असतो म्हणून. त्यामुळे घेणारा संघ एकदा निवडी मोजतो आणि दुसऱ्यांदा करार मोजतो.

२०२२ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मार्चमध्ये मायामी डॉल्फिन्सने टायरीक हिलसाठी कॅन्सस सिटी चीफ्सला पाच निवडी दिल्या. त्यांत त्या वर्षीची पहिल्या फेरीतील एकोणतिसावी आणि दुसऱ्या फेरीतील पन्नासावी निवड होती. त्यावर हिलला चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलरची करारवाढही दिली. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्याच रात्री फिलाडेल्फिया ईगल्सने ए. जे. ब्राउनसाठी टेनेसी टायटन्सला अठरावी आणि एकशेएकावी निवड दिली आणि ब्राउनशी चार वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला. त्या वर्षी प्रत्येक संघाची वेतनमर्यादा २०.८२ कोटी डॉलर होती. म्हणजे सरासरीने पाहिले तर ५३ जणांच्या ताफ्यातील एका खेळाडूसाठी मर्यादेच्या १२ ते १४ टक्के रक्कम बाजूला निघाली. त्याउलट, २०२० मध्ये बाविसाव्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या नवख्या खेळाडूचा करार चार वर्षांचे मिळून सुमारे १.३ कोटी डॉलरचा होता. ट्रेड करणारा संघ सोडून देतो ते या दोन रकमांमधील अंतर, आणि त्या अंतरात एखादा चांगला बचावपटू व पुढच्या फळीतील एखादा चांगला खेळाडू (लाइनमन) सहज बसतो.

बफेलोचा डिग्ज व्यवहार यशस्वी का मानला जातो?

मार्च २०२० मध्ये बफेलोने मिनेसोटा व्हायकिंग्जला त्या वर्षीची पहिल्या फेरीतील बाविसावी निवड, पाचव्या व सहाव्या फेरीतील एकेक निवड आणि २०२१ मधील चौथ्या फेरीची निवड दिली. बदल्यात डिग्ज आणि सातव्या फेरीची एक निवड घेतली. डिग्ज तेव्हा २६ वर्षांचा होता आणि त्याच्या जुन्या कराराची चार वर्षे शिल्लक होती, त्यामुळे बफेलोला लगेच नवा करार करावा लागला नाही. ही गोष्ट तेव्हा फारशी कोणी मोजली नाही, पण माझ्या मते त्या व्यवहाराचे अर्धे शहाणपण तेथेच होते.

आदल्या वर्षी बफेलोने दहा सामने जिंकले होते आणि प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनकडून जादा वेळेत २२–१९ असा पराभव पत्करला होता. संघाचा बचाव भक्कम होता. जॉश ॲलन हा क्वार्टरबॅक २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला होता आणि तिसऱ्या वर्षात पदार्पण करत होता. २०१९ मध्ये त्याचे ५८.८ टक्के पास (फेकी) पूर्ण झाले होते आणि त्यांतून त्याने ३,०८९ यार्ड अंतर मिळवले होते. २०२० मध्ये हेच आकडे ६९.२ टक्के आणि ४,५४४ यार्ड झाले. डिग्जने १२७ झेल आणि १,५३५ यार्ड अशी कामगिरी करून दोन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. बफेलोने तेरा सामने जिंकले, १९९५ नंतर प्रथमच आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवले आणि कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या अर्ध्या भागाच्या, अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथे कॅन्सस सिटीने त्यांना ३८–२४ असे हरवले.

ॲलनमधील सुधारणेचे सगळे श्रेय डिग्जला देणे चुकीचे ठरेल. आक्रमणाचे प्रशिक्षक ब्रायन डेबोल यांचे ते ॲलनबरोबरचे तिसरे वर्ष होते, त्यांनी पासवरचा भर वाढवला होता, आणि कोल बीझली व जॉन ब्राउन हे दोन उपयुक्त रिसीव्हर आधीपासून संघात होते. परंतु क्वार्टरबॅकचे पाय रोवले जात असतानाच त्याला हक्काचा आधार मिळाला, हे नाकारता येणार नाही. डिग्ज बफेलोत चार हंगाम खेळला. चारही हंगामांत त्याचे शंभराहून अधिक झेल आणि हजाराहून अधिक यार्ड झाले, आणि चारही वर्षी बफेलोने विभाग जिंकला.

पण त्या बाविसाव्या निवडीतून मिनेसोटाला जस्टिन जेफर्सन मिळाला. मग बफेलो फसला असे नाही का?

जेफर्सनने पहिल्याच वर्षी ८८ झेल आणि १,४०० यार्ड मिळवले. २०२२ मध्ये १२८ झेल आणि १,८०९ यार्ड मिळवून तो वर्षातील सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. खेळाडूला खेळाडू ताडून पाहिले तर मिनेसोटाचे पारडे जड आहे, यात शंका नाही.

तरीही ‘बफेलोने थांबून जेफर्सनच घ्यायचा होता’ हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण तो निकाल पाहून केलेला आहे. त्या ड्राफ्टमध्ये जेफर्सनच्या आधी हेन्री रग्ज, जेरी ज्यूडी, सीडी लॅम आणि जेलन रेगर असे चार रिसीव्हर निवडले गेले. जेफर्सन समोर दिसत असताना फिलाडेल्फियाने एकविसाव्या क्रमांकावर रेगरला घेतले. रेगर तेथे चालला नाही. दोन वर्षांनी ती उणीव भरून काढण्यासाठीच फिलाडेल्फियाला ब्राउनसाठी ट्रेड करावा लागला, आणि त्याच उन्हाळ्याच्या शेवटी रेगरची रवानगी झाली ती नेमकी मिनेसोटाला. हा योगायोग कोणी रचून सांगितला असता तर खरा वाटला नसता.

असे असेल तर ड्राफ्टवर विसंबून राहणे धोक्याचे आहे का?

धोक्याचे आहे, पण त्याची किंमत कमी आहे. टेनेसीने ब्राउनच्या बदल्यात मिळालेल्या अठराव्या निवडीवर ट्रेलन बर्क्सला घेतले. पहिल्या वर्षी त्याचे ३३ झेल झाले, तर ब्राउनने फिलाडेल्फियात ८८ झेल, १,४९६ यार्ड आणि ११ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवणे) केले. डिसेंबरमध्ये दोन्ही संघ समोरासमोर आले तेव्हा ब्राउनने आपल्या जुन्या संघाविरुद्ध दोन टचडाउन केले, फिलाडेल्फियाने ३५–१० असा विजय मिळवला, आणि दोनच दिवसांनी टेनेसीने व्यवस्थापक जॉन रॉबिन्सन यांना पदावरून दूर केले.

दुसरीकडे, ज्यांच्यासाठी संघ पहिल्या फेरीच्या निवडी ओततात ते खेळाडू मुळात कोठून आले होते, हेही पाहावे. डिग्ज २०१५ मध्ये पाचव्या फेरीत निवडला गेला होता, हिल २०१६ मध्ये पाचव्याच फेरीत, ब्राउन व डेव्हान्टे ॲडम्स दुसऱ्या फेरीत. लॉस एंजलिस रॅम्सला पुका नाकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीत मिळाला आणि त्याने पहिल्याच वर्षी १०५ झेल व १,४८६ यार्ड असे नवख्या खेळाडूंचे विक्रम केले. याचा अर्थ पाचव्या फेरीत नेहमीच हिरे सापडतात असा नाही. अर्थ एवढाच की, ज्या संघाचे निवड-पथक चांगले आहे त्याने आपल्या निवडी जपून ठेवाव्यात, आणि ज्या संघाला दरवर्षी रिसीव्हर निवडताना चकवा बसतो त्याने ट्रेडचा मार्ग अधिक गंभीरपणे घ्यावा.

क्वार्टरबॅकच्या कराराचा येथे काय संबंध?

सर्व संबंध तेथेच आहे. ड्राफ्टमधून आलेल्या क्वार्टरबॅकचा पहिला करार चार वर्षांचा असतो, आणि तो पहिल्या फेरीतील असेल तर संघाला पाचव्या वर्षाचाही पर्याय मिळतो. या काळात संघातील सर्वांत महत्त्वाचा खेळाडू सर्वांत स्वस्त असतो. वाचलेल्या रकमेत एक महागडा रिसीव्हर बसतो. एकदा क्वार्टरबॅकचा दुसरा करार झाला की ही जागा आक्रसते. ॲलनने ऑगस्ट २०२१ मध्ये सहा वर्षांची २५.८ कोटी डॉलरची करारवाढ घेतली. म्हणजे डिग्ज आला तेव्हा ॲलन स्वस्त होता. फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्सही ब्राउन आला त्या वर्षी पहिल्याच करारावर होता, आणि त्या हंगामाअखेरीस संघ सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, पोहोचला. तेथे कॅन्सस सिटीकडून ३८–३५ अशी हार झाली, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच जोडीने त्याच प्रतिस्पर्ध्याला ४०–२२ असे हरवून हिशेब चुकता केला.

स्वस्त क्वार्टरबॅक ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. मायामीचा टुआ टागोवायलोआही २०२२ मध्ये पहिल्या करारावर होता. हिलने त्याच्याबरोबर लागोपाठ दोन हंगामांत प्रत्येकी ११९ झेल घेतले आणि अनुक्रमे १,७१० व १,७९९ यार्ड मिळवले. प्रेक्षणीय खेळ झाला, परंतु दोन्ही वर्षी संघ प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात बाहेर पडला, आणि दुसऱ्या वेळी तर हिलच्या जुन्या संघानेच कॅन्सस सिटीच्या गोठवणाऱ्या थंडीत त्यांना २६–७ असे रोखले.

रिसीव्हर स्वतः उत्तम खेळूनही ट्रेड फसू शकतो का?

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण लास वेगस रेडर्सचे आहे. मार्च २०२२ मध्ये त्यांनी पहिल्या व दुसऱ्या फेरीची निवड देऊन ग्रीन बेकडून ॲडम्सला आणले. ॲडम्सने १०० झेल, १,५१६ यार्ड आणि १४ टचडाउन असा हंगाम दिला. खेळाडूकडून याहून अधिक मागता येत नाही. तरी संघ सहा सामने जिंकून अकरा हरला, क्वार्टरबॅक डेरेक कार याला हंगाम संपण्याआधीच बाहेर बसवण्यात आले आणि फेब्रुवारीत मुक्त करण्यात आले. ॲडम्सची महाविद्यालयापासून कारशी गट्टी होती आणि ट्रेडमागे तेही एक कारण होते. ती जोडी एकाच हंगामात फुटली.

याच्या उलट बाजूने पाहिले तर हिलला सोडून दिल्यानंतर कॅन्सस सिटीने पुढील दोन्ही सुपर बोल जिंकले. मायामीकडून मिळालेली पहिल्या फेरीची निवड वापरून ते एकविसाव्या क्रमांकापर्यंत वर सरकले आणि ट्रेंट मॅकडफी हा बचावपटू घेतला, जो पुढे लीगमधील सर्वोत्तम बचावपटूंमध्ये गणला गेला. अर्थात प्रत्येक संघाकडे पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक आणि ट्रॅव्हिस केल्सीसारखा झेल घेणारा खेळाडू नसतो. ‘चीफ्सने सोडला, म्हणून आपणही सोडू’ असे म्हणणाऱ्या व्यवस्थापकाने आधी आपला क्वार्टरबॅक कोण आहे ते पाहावे.

हंगामाच्या मध्यात केलेला ट्रेड कितपत उपयोगी पडतो?

हंगामातील ट्रेडची मुदत आता नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी संपते. तोवर निम्मे सामने झालेले असतात. नव्या रिसीव्हरला नव्या डावपेचांची भाषा शिकावी लागते आणि क्वार्टरबॅकच्या फेकीची लय जुळवावी लागते, आणि यासाठी उन्हाळ्यातील सरावाचे आठवडे त्याला मिळालेले नसतात.

तरीही यशाची उदाहरणे आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये डॅलसने अमारी कूपरसाठी ओकलंडला पुढील वर्षाची पहिल्या फेरीची निवड दिली, तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढले होते. डॅलसने तोवर तीन सामने जिंकले होते आणि चार गमावले होते. कूपरने नऊ सामन्यांत ५३ झेल, ७२५ यार्ड आणि सहा टचडाउन केले, डॅलसने त्यांतील सात सामने जिंकले, विभागाचे विजेतेपद मिळवले आणि प्लेऑफमध्ये सिअ‍ॅटलला हरवले. येथेही क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट पहिल्या, चौथ्या फेरीच्या स्वस्त करारावर होता. पुढे २०२० मध्ये कूपरशी पाच वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार करून डॅलसने दोनच वर्षांत त्याला क्लीव्हलँडला दिले आणि हाती आली ती पाचव्या फेरीची निवड व सहाव्या फेरीतील अदलाबदल. ट्रेड योग्य होता, नंतरचा करार महागात पडला. या दोन गोष्टी चाहते नेहमी एकत्र मिसळतात.

२२ ऑक्टोबर २०१९ या एकाच दिवशी दोन आघाडीच्या संघांनी रिसीव्हर आणले. सॅन फ्रान्सिस्कोने इमॅन्युएल सँडर्सला घेतले आणि तो सुपर बोलपर्यंत उपयोगी पडला. न्यू इंग्लंडने मोहम्मद सानूसाठी दुसऱ्या फेरीची निवड दिली आणि त्याला तेथे उरलेल्या हंगामात २६ झेलांपलीकडे जाता आले नाही.

आणि मग शिकागो बेअर्सचे प्रकरण. १ नोव्हेंबर २०२२ रोजी, तीन विजय व पाच पराभव अशा अवस्थेत, त्यांनी चेस क्लेपूलसाठी पिट्सबर्गला दुसऱ्या फेरीची स्वतःची निवड दिली. त्यानंतर शिकागोने एकही सामना जिंकला नाही. परिणामी ती निवड दुसऱ्या फेरीत सर्वांत वरची ठरली. मायामीची पहिल्या फेरीची निवड शिस्तभंगामुळे रद्द झाली होती, त्यामुळे तिचा एकूण क्रमांक बत्तिसावा आला, म्हणजे एरवी पहिल्या फेरीत मोडला असता तो. पिट्सबर्गने तिच्यावर जोई पोर्टर ज्युनिअरला घेतले. क्लेपूलने त्या हंगामात शिकागोसाठी १४ झेल घेतले, आणि पुढील ऑक्टोबरमध्ये त्याला अक्षरशः नाममात्र मोबदल्यात मायामीला देण्यात आले. शिकागोचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स स्वस्तच होता, पण बाकी संघ उभा नव्हता.

रिसीव्हरचे वय कितपत पाहावे?

बरेच पाहावे, कारण या जागेवरील खेळाडूचा वेग ओसरला की तो एकाच हंगामात ओसरल्यासारखा दिसतो. टेनेसीने २०२१ मध्ये ३२ वर्षांच्या हुलिओ जोन्ससाठी दुसऱ्या फेरीची निवड दिली. त्याने ३१ झेल, ४३४ यार्ड आणि एक टचडाउन केला, आणि वर्ष भरण्याआधी त्याला मुक्त करण्यात आले. ट्रेड झाला तेव्हा ब्राउन २४ वर्षांचा होता, डिग्ज २६ वर्षांचा.

दुखापतीचा धोका कसा मोजावा?

नीट मोजता येत नाही. प्रत्येक ट्रेड वैद्यकीय तपासणीनंतरच पक्का होतो, परंतु पुढे काय घडेल हे कोणतीही तपासणी सांगत नाही. डॅलसने २००० मध्ये जोई गॅलवेसाठी सिअ‍ॅटलला पहिल्या फेरीच्या दोन निवडी दिल्या आणि पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्यांतील एका निवडीवर सिअ‍ॅटलने शॉन अलेक्झांडरला घेतले, जो २००५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सिअ‍ॅटलने स्वतः २०१३ मध्ये पर्सी हार्विनसाठी पहिल्या फेरीची निवड देऊन असाच अनुभव घेतला: नितंबाच्या शस्त्रक्रियेमुळे तो नियमित हंगामात एकच सामना खेळला. मात्र सुपर बोलच्या उत्तरार्धातील पहिलाच किकऑफ त्याने ८७ यार्ड पळवत टचडाउनपर्यंत नेला, त्यामुळे त्या ट्रेडला सरसकट फसलेला म्हणताना जीभ अडखळते.

विकणारा संघ चांगल्या खेळाडूला सोडतो, म्हणजे काहीतरी गडबड असते का?

असू शकते, पण बहुतेक वेळा गडबड पैशाची किंवा मनाची असते, खेळाची नसते. डिग्ज मिनेसोटात नाराज होता आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सरावाला गैरहजर राहिल्याबद्दल त्याला दंड झाला होता. ब्राउनला टेनेसी बाजारभावाने करार द्यायला तयार नव्हती. अशा प्रकरणांत घेणाऱ्याचा फायदा असतो. क्लेपूलसारख्या, ज्याचे झेल आणि यार्ड वर्षागणिक घटत आहेत अशा तरुण खेळाडूला जेव्हा त्याचाच संघ आनंदाने सोडतो, तेव्हा मात्र घेणाऱ्याने सावध व्हावे. रोज सरावात त्याला पाहणाऱ्यांना आपल्यापेक्षा अधिक माहीत असते.

‘डेड मनी’ म्हणजे काय आणि त्याची भीती किती बाळगावी?

करारावर सही करताना मिळणारा बोनस खेळाडूच्या हाती लवकर पडतो, पण वेतनमर्यादेत तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर वाटून मोजता येतो. खेळाडू मध्येच दुसऱ्या संघाकडे गेला की न मोजलेला उरलेला बोनस जुन्या संघाच्या खात्यावर एकदम येऊन पडतो. १ जूननंतर व्यवहार केल्यास तो दोन वर्षांत विभागता येतो. जो खेळाडू आता आपल्याकडे खेळतच नाही त्याच्यापोटी अडकलेली ही रक्कम.

बफेलोने २०२२ मध्ये डिग्जचा करार वाढवला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याला ह्यूस्टनला दिले. बदल्यात मुख्यतः २०२५ मधील दुसऱ्या फेरीची एक निवड मिळाली, जी मुळात मिनेसोटाचीच होती आणि फिरत फिरत ह्यूस्टनकडे आली होती. त्या वर्षी बफेलोवर सुमारे ३.१ कोटी डॉलरचा भार पडला, म्हणजे २५.५४ कोटींच्या मर्यादेतील जवळपास १२ टक्के. हा भार २०२० च्या ट्रेडमुळे आला नाही, २०२२ च्या करारवाढीमुळे आला. ट्रेड करताना संघाने दुसऱ्या कराराचा निर्णय आधीच मनाशी ठरवलेला असावा, असे मी आग्रहाने म्हणतो ते याचसाठी.

२०२४ मध्ये डिग्ज गेल्यावर बफेलोने पुन्हा एखाद्या अव्वल रिसीव्हरसाठी मोठा ट्रेड करायला हवा होता का?

बफेलोच्या चाहत्यांत यावर अजून वाद आहे. संघाने ड्राफ्टमध्ये अठ्ठाविसावी निवड कॅन्सस सिटीशी अदलाबदल करून सोडली, तिच्यावर कॅन्सस सिटीने झेव्हियर वर्दी हा वेगवान रिसीव्हर घेतला, आणि बफेलोने आणखी खाली सरकून तेहतिसाव्या क्रमांकावर कीऑन कोलमनला निवडले. आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती वेग ठेवणे अनेकांना रुचले नाही, मलाही नाही. ऑक्टोबरमध्ये मुख्यतः तिसऱ्या फेरीची निवड देऊन तीस वर्षांच्या कूपरला आणले. त्याने आठ सामन्यांत २० झेल आणि २९७ यार्ड मिळवले, म्हणजे ठीकठाक. संघात सर्वाधिक यार्ड खलील शाकिरचे होते, आणि तेही ८२१ च.

तरी बफेलोने तेरा सामने जिंकले, ॲलन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ पुन्हा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोहोचला. डिग्जला ह्यूस्टनमध्ये आठ सामन्यांनंतर गुडघ्याची गंभीर दुखापत झाली. त्यामुळे त्याला सोडण्याची वेळ बफेलोने अचूक साधली, असे म्हणावे लागते.

अंतिम सामन्यात कॅन्सस सिटीने बफेलोला ३२–२९ असे हरवले. शेवटच्या चढाईत चौथ्या, म्हणजे अखेरच्या, प्रयत्नावर बचावपटू थेट ॲलनवर धावून आले, त्याला मागे रेलत घाईने चेंडू उंच फेकावा लागला, आणि तो टाइट एंड (पुढच्या फळीजवळ उभा राहून झेलही घेणारा खेळाडू) डाल्टन किंकेडच्या हातून निसटला. ‘तेथे अव्वल रिसीव्हर असता तर’ असे त्या रात्रीपासून म्हटले जाते. पण त्या क्षणी ॲलनला कोणाकडेही नीट पाहायला सवड नव्हती, आणि त्याआधी बचावाने ३२ गुण दिलेले होते. पहिल्या फेरीची निवड आणि वर्षाला अडीच-तीन कोटी डॉलर खर्चायचे असते, तर त्या संघाने ते क्वार्टरबॅकवर दबाव आणणाऱ्या बचावपटूवर खर्चायला हवे होते.